सुराबायाचं घड्याळ

तिकिटावर छापलं होतं, माकासारहून निघण्याची वेळ नऊ वाजून दहा मिनिटं, सुराबायाला पोहोचण्याची वेळ नऊ वाजून चाळीस मिनिटं. दारमानं ते तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. रुग्णालयाच्या नोंदी विभागात एकवीस वर्षं काढलेल्या बाईला छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवणं जमत नाही. दाखल झाल्याची वेळ, ऑपरेशनची वेळ, गेल्याची वेळ, या तिन्हींत कुठेतरी कुणीतरी एक मिनिट चोरलेलं असतं, आणि ते मिनिट कुठल्या डॉक्टरनं कुठल्या कारणासाठी चोरलं हे हुडकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. विभागातल्या मुली तिला पाठीमागे 'सीआयडी' म्हणत. तिला ते माहीत होतं. रुग्णालयानं तिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला सुराबायाला पाठवलं, त्यात सगळ्या कागदी नोंदी संगणकावर चढवायच्या कशा ते शिकवणार होते. त्रेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा विमानात बसली होती, आणि समोरच्या सीटच्या पाठीवर बोट टेकवून अर्ध्या तासाचा हिशेब करत होती. अर्ध्या तासात समुद्र ओलांडून सुराबाया? तेवढ्या वेळात तर घरून बाजारातही पोहोचणं होत नाही.

"काय झालं ताई? काही राहिलं का घरी?" शेजारच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं. पन्नाशीचा, गोल पोटाचा, माकासारजवळच्या मारोसकडचा असावा. समुद्री शेवाळाचा व्यापार करतो, महिन्यातून दोनदा जातो, असं त्यानं पट्टा बांधण्याच्या आतच सांगून टाकलं होतं. दारमानं तिकीट त्याच्यापुढे धरलं. तो हसला. "अहो, सुराबाया आपल्यापेक्षा एक तास मागे नाही का? दीड तासाचा प्रवास, त्यातला एक तास घड्याळ गिळतं. परत येताना बघा, तिकिटावर अडीच तास दिसतील. जाताना द्यायचं आणि येताना काढून घ्यायचं, सासरच्या दागिन्यासारखं!" स्वतःच्या विनोदावर तो पोट हलवून हसला. दारमाही ओठांपुरती हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

सुराबाया मागे.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. टीव्हीवर रोज दोन-दोन वेळा सांगतात, पश्चिमेकडे इतके वाजले, मध्यभागात इतके. शाळेत नकाशावर रेघा मारल्या होत्या. पण एक गोष्ट माहितीच्या कप्प्यात असते आणि एक हाडांत मुरलेली असते, आणि त्या दोघींची चौतीस वर्षांत कधी गाठ पडत नाही. दारमाच्या हाडांत मुरलेलं सुराबाया पुढे होतं. तिथे सगळं आधी घडायचं. तिथल्या माणसांना आपल्या घरातल्या गोष्टी आपल्याआधी कळायच्या. नऊ वर्षांची असताना तिनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. विमान धावपट्टीवर जोर धरत होतं, पाठीला सीट दाबत होती, कानांत बोळे बसल्यासारखे झाले होते, आणि ते हाडांत मुरलेलं सुराबाया कुणीतरी आतून खेचून उलटं करत होतं. वर गेल्यावर कप्तानाचा आवाज आला. अंतर सुमारे सातशे नव्वद किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास पंचवीस मिनिटं, हवा स्वच्छ. "एक तास पंचवीस," ती पुटपुटली. शेवाळवाला म्हणाला, "वारं मागून असलं तर त्याहूनही कमी." आणि तो डोळे मिटून घोरायला लागला.

लांब. त्या घरात हा एकच शब्द होता. बाबा कुठे असतात? लांब. आई गेली तेव्हा बाबा का नव्हते? सुराबाया लांब गं पोरी, मध्ये समुद्र. हाफसा मावशी हे सांगताना हातातलं काम थांबवत नसे. भाजी चिरत असेल तर चिरत राही, केस विंचरत असेल तर विंचरत राही, फक्त कंगवा जरा जोरात ओढला जाई. लांब म्हणजे जहाज, आणि जहाज म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस, धक्क्यावरची गर्दी, बोंबील, ओकाऱ्या, बांधलेली खोकी. दारमाच्या डोळ्यांपुढे बाप नेहमी जहाजातूनच उतरला होता. ईदच्या आधी दोन दिवस, डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. खोक्यात तिच्यासाठी कंपासपेटी, एकदा लाल छत्री, एकदा वाढीला न पुरणारे बूट. मावशी प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघे आणि म्हणे, "तिकडे ढिगानं मिळतं हे." मग दारमालाही ती वस्तू ढिगातली वाटू लागे. सुतिक्नो, तिचा बाप, जावाचा माणूस. तांजुंग पेराकच्या गोदीत यंत्रं दुरुस्त करणारा. आईशी लग्न केलं तेव्हा इथल्याच बंदरात होता. दारमा सात वर्षांची असताना त्याची बदली झाली. आजोळचे लोक म्हणत, जावाचा माणूस साखर पेरून बोलतो आणि मनातलं कधी बाहेर काढत नाही. त्याच्याबद्दल बोलताना घरात आवाज खाली यायचे, ताटं जरा आपटली जायची. पोर म्हणून वाढताना दारमानं जे अन्न खाल्लं त्यात हा संशय मिठासारखा विरघळलेला होता. वेगळी चव लागत नाही, पण नसेल तर अळणी लागतं.

आता ती आई गेली त्या संध्याकाळात होती. माकासारचं नाव तेव्हा उजुंग पांडांग होतं. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, मग अंगात विष पसरलं. शाळेतून तिला शेजारणीनं सरळ रुग्णालयात नेलं तेव्हा आईचा चेहरा झाकला होता. मग जीप. जीपमध्ये मागे आई, पुढे मावशीचे यजमान, आणि मधल्या बाकावर मावशीच्या मांडीवर ती. टाकालारला आजोळच्या गावी पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. खांबांवरच्या त्या लाकडी घराच्या पायरीवर तिचा बाप बसला होता. अंगात गोदीतला निळा सदरा. जीप थांबली तसा तो उठला आणि तसाच उभा राहिला, ना पुढे आला ना रडला. आणि घरामागच्या नारळींखाली कबर खणून तयार होती. ओल्या मातीचा वास अजूनही तिच्या नाकात होता. कुणी गावकरी म्हणत होता, जावई असरच्या नमाजाला आमच्याबरोबर होते, त्यांनीच सांगितलं राबिया गेली म्हणून, त्यानंतर लगेच कुदळी घेतल्या. तेवढ्यात मावशीचे यजमान म्हणाले, "पण ती तर चार वीसला गेली. असर तर साडेतीनला होते." मग आजीचा आवाज आला. तो आवाज दारमानं नंतर पुन्हा कधी ऐकला नाही. "काळजिभ्या! माझी लेक जिवंत असताना तिची कबर खणवलीस! तुझ्या तोंडानं गेली ती!" सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझं घड्याळ सुराबायाचं आहे. वेळेचा घोटाळा झाला." एवढंच. मावशीच्या मांडीवर पेंगताना दारमानं ते ऐकलं होतं, आणि नऊ वर्षांच्या डोक्यानं त्यातून अर्थ काढला होता की सुराबायाचं घड्याळ पुढे असतं. आपल्याकडे आई मरायच्या आत तिकडे ती मरून गेलेली असते.

आणि ते मागे होतं. एक तास मागे. त्या घड्याळात साडेतीनचे अडीच वाजले असणार. त्या घड्याळाकडे बघून कुणी माणसाला वेळेआधी मारू शकत नाही, उलट तासभर जास्त जगवेल. घोटाळा घड्याळाचा नव्हताच. तो तिथल्या तिथे सुचलेला खोटा शब्द होता, आणि दुःखानं बधिर झालेल्या त्या घोळक्यात तो तपासायचं भान कुणाला नव्हतं. हवाई सुंदरीनं पाण्याचा छोटा सीलबंद पेला पुढे केला, तो दारमानं न उघडता मुठीत धरला. तिनं नोंद लावायला घेतली, जशी ती रोज लावते. जहाजानं आला असता तर दुसऱ्या दिवशी पोचला असता. म्हणजे विमानानं आला. दीड तास. असरला टाकालारमध्ये, म्हणजे दीडच्या सुमारास शहरात. आई चार वीसला गेली. तो कागद तिच्या कपाटात होता, त्यावरची सही तिला डोळे मिटून काढता आली असती. म्हणजे आई जिवंत असताना तो माणूस रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावरून गेला, आणि तिच्याकडे न जाता तिच्या कबरीची जागा दाखवायला पुढे गेला. का? कुणी जातं असं? मरायची वाट बघत होता? तिकडे कुणी होतं, लवकर मोकळं व्हायचं होतं? पुढे चार वर्षांनी त्यानं सुराबायात दुसरं लग्न केलं होतंच. खाली समुद्र होता, एकसारखा, सुरकुती नसलेला, आणि ते सगळं 'लांब' एवढंच होतं, एका झोपेएवढं, शेजारच्या माणसाच्या एका घोरण्याएवढं. तिच्या लग्नात वधूचा पालक म्हणून बापाचीच गरज होती, तेव्हा तो आला होता. मौलवीसमोर तिच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन बसला होता आणि त्याचा हात थरथरत होता. तिला तेव्हा वाटलं होतं, अपराधी आहे म्हणून थरथरतोय. आता तिला आपला तो अंदाज फार बरोबर वाटू लागला. विमान उतरलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ अडतीस झाले होते.

प्रशिक्षणाचे पहिले दोन दिवस तिच्या डोक्यावरून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मोकळी झाली तशी ती रिक्षा करून पेराक बंदराकडे गेली. पत्ता पाठ होता, बापाच्या पत्रांच्या पाकिटांमागे दर वर्षी तोच असायचा. अरुंद गल्ली, दारांत वाळत घातलेले कपडे. शेवटच्या घराबाहेर छपराला टांगलेल्या पिंजऱ्यात एक कवडा घुमत होता, आणि खाली बाकावर तिचा बाप. बहात्तर वर्षांचा. तिला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. तो उठला, बनियनवर सदरा चढवायला आत गेला आणि उलटा घालून बाहेर आला. "दारमा. कळवलं असतंस तर—"

"वेळ नव्हता," ती म्हणाली.

त्याची बायको, कास्मिना नावाची ठेंगणी बाई, गोड चहा आणि पानात बांधलेला भात घेऊन आली. "खा गं. पहिल्यांदा आलीस, उपाशी बसू नकोस. हा माणूस काही विचारायचा नाही, त्याला जीभच नाही." ती आत गेली, पण दाराच्या पडद्याआड तिचे पाय दिसत होते. दारमानं चहाला हात लावला नाही. एखाद्या डॉक्टरपुढे फाईल उघडावी तसं तिनं विचारलं, "आई गेली त्या दिवशी तुम्ही कोणत्या विमानानं आलात?"

"दहाच्या," तो म्हणाला. इतक्या पटकन, जणू चौतीस वर्षं हे उत्तर ओठांवर ठेवून बसला होता. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. "नक्की आठवत नाही. जुनी गोष्ट."

"दहाला निघालात म्हणजे आमच्याकडे साडेबाराला उतरलात. रुग्णालयात कधी पोचलात?"

"गेलोच नाही. सरळ गावाकडे गेलो."

"तुम्हाला आलेल्या तारेत काय लिहिलं होतं?"

तो कवड्याकडे बघू लागला. "राबिया रुग्णालयात, गंभीर, ताबडतोब ये. मुकादमानं ओळखीनं विमानात जागा मिळवून दिली."

"गंभीर. गेली असं नव्हतं. मग जिवंत बाई सोडून तुम्ही कबर खणवायला का गेलात, बाबा? आणि घड्याळाचं सांगू नका. सुराबायाचं घड्याळ मागे असतं. मला आता कळलंय."

तो गुडघ्यावर ठेवलेला हात उघडमीट करत राहिला. दारमाला त्या शांततेचा राग आला. हीच ती जावाची शांतता, हीच ती साखर. ती उठणार, एवढ्यात पडदा बाजूला झाला. "अहो, सांगून टाका ना तिला!" कास्मिना म्हणाली. "मला सांगताना रडलात ते चालतं, आणि पोटच्या पोरीला सांगायला काय जीभ झडते? त्या बाईसाठी अजून किती वर्षं शिव्या खाणार आहात?"

"कुठल्या बाईसाठी?" दारमानं विचारलं.

सुतिक्नोनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, मध्ये मध्ये खोकत, तिच्याकडे न बघता. दीडच्या सुमाराला तो रुग्णालयात पोचला. खालच्या व्हरांड्यात, जिन्याच्या तोंडाशी हाफसा उभी होती. "मला बघून रडायला लागली. म्हणाली, तासापूर्वी गेली. आत बायका अंघोळ घालतायत, तिथे तुझं काम नाही. तू गावाकडे जा, पुढची तयारी बघ, आम्ही मागून आणतो. मी गेलो. न जाऊन काय करणार? बायकांत घुसणार होतो?" संध्याकाळी जीप आली. लोक चार वीस म्हणाले. तेव्हा त्याला कळलं. "हाफसाकडे बघितलं मी. तीही माझ्याकडेच बघत होती. तिचा रंग उडाला होता. तू तिच्या मांडीवर झोपली होतीस, तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर? तुझ्या आजोबांच्या कमरेला कट्यार असायची, माहीत आहे ना तुला? तुमच्याकडे अब्रूचा प्रश्न आला की माणसं विचार करत नाहीत. हाफसाला त्या घरात कुणी उभं केलं नसतं. आणि तुझं काय? मी गोदीत बारा बारा तास. तुला कुणाच्या मांडीवर ठेवणार होतो? एक आई गेलीच होती. त्याच दिवशी दुसरी काढून घ्यायची?" त्यानं नाक पुसलं. "काळजिभ्या तर काळजिभ्या. जीभ काळी म्हणून काही मरत नाही माणूस."

कवडा घुमत होता. दारमानं थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. निघताना तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला. "तिला काही विचारू नकोस आता. म्हातारी झाली. तिनं तुला वाढवलंय." रिक्षा सुरू झाली तेव्हा दांडीला धरून तो घाईघाईनं म्हणाला, "एकच राहून गेलं बघ. राबियाला वाटलं असेल, आलाच नाही."

परतीच्या तिकिटावर खरंच अडीच तास होते. दारमाला ते खरे वाटले. त्या अडीच तासांत तिनं आपलं सगळं बालपण पुन्हा तपासायला घेतलं आणि एकही पान धड सापडेना. तापात रात्रभर कपाळावर ओली पट्टी ठेवणारा हात, शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी वाजणाऱ्या टाळ्या, परीक्षेच्या सकाळी केळीच्या पानात वाफवलेलं केळ्याचं गोड बारोंग्को. यातलं प्रेम किती आणि भीती किती? कंगवा जोरात ओढला जायचा तो कुणावरच्या रागानं? मावशीची तिन्ही बाळं पाळण्यातच गेली होती, हे दारमाला ठाऊक होतं. लहानपणी तिला वाटे, मावशीला आपली दया येते. आता वाटत होतं, मावशीनं आपल्याला उचललं. बाजारात गर्दीचा फायदा घेऊन कुणी पिशवी उचलावी तसं. आणि उचललेली वस्तू माणूस फार जपतो. तिला बापाचाही संशय आला. चौतीस वर्षं घोटलेली गोष्ट, कास्मिनाचं ते वेळेवर पडद्याबाहेर येणं. त्याच्या बोलण्याला साक्ष कुठे होती? मग तिला स्वतःचाच कंटाळा आला. शेजारी एक तरुण बाई बाळाला पाजत होती, आणि बाळाचा एक पाय दारमाच्या मांडीवर येऊन टेकला होता. तो तिनं हलवला नाही.

घरी पोचली तेव्हा दुपार कलत होती. नवरा खाणीवर, पोरं शिकायला बाहेर, घरात ती आणि मावशी दोघीच असत. शहात्तर वर्षांची हाफसा मागच्या दारात बसून कोळंबी सोलत होती. दृष्टी अधू झाली होती, तरी बोटं चुकत नव्हती. "आलीस? हात धू. आज आमटी करते, कोळंबी घालून. तिकडे काय मिळणार, सगळ्यात साखर घालतात मेले." दारमा पिशवी खाली न ठेवता उभी राहिली. सगळ्या विमानप्रवासात तिनं वाक्यं जुळवली होती, एकेक वेळ, एकेक आकडा. त्यातलं एकही तिला आठवेना. मावशीनं मान वर केली नाही. कवचांचा टकटक आवाज होत राहिला. मग मावशीनंच विचारलं, "भेटलीस त्याला?"

"भेटले."

"सांगितलं त्यानं?"

"मीच विचारलं."

मावशीनं हातातली कोळंबी परत टोपलीत टाकली, न सोललेली. "मला वाटायचं, तो दर ईदला येतो तो हेच सांगायला येतो. खोकं उघडताना माझे हात गार पडायचे. त्यातून काय निघेल, चिठ्ठी निघेल, काय निघेल. आणि निघायची कंपासपेटी." ती हसली की काय ते कळलं नाही. "राबिया सकाळपासून एकच म्हणत होती. तो आला की दारमाला त्याच्या हातात द्यायची. सगळ्यांसमोर म्हणणार होती. मरत्या माणसाचा शब्द, मग कुणाला मोडता आला असता? म्हणून मी खाली जाऊन उभी राहिले. पोरी, मी काही ठरवलं नव्हतं. तो समोर आला आणि तोंडातून निघून गेलं, ती गेली म्हणून. निघाल्यावर परत कसं घेणार?"

दारमा म्हणाली, "तीन तास होते तुझ्याकडे. परत घ्यायला."

"होते ना." मावशीनं ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "वर गेले तर राबिया म्हणाली, खाली कोण होतं? म्हटलं, कुणी नाही. म्हणाली, खोटं बोलू नकोस, गोदीतल्या बुटांना लोखंडी टाचा असतात, जिन्यापाशी वाजल्या. त्याला बोलाव. मी जिन्यावर आले. अर्ध्यावर उभी राहिले आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. मग परत वर जाऊन सांगितलं, निघून गेला. वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, आला होता ना? मग झालं. पुन्हा नाही बोलली. नंतर शुद्धच गेली."

आतल्या खोलीत नळ गळत होता. दारमानं मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ज्या नजरेनं ती खाडाखोड केलेल्या नोंदीकडे बघते त्या नजरेनं. बुटांचा आवाज. शंभर आकडे. आला होता ना, मग झालं. हे खरं असेल. किंवा इतक्या वर्षांत मावशीनं स्वतःला झोप लागावी म्हणून हे रचलं असेल, थोडं थोडं करून, आणि आता तिलाही ते खरं वाटत असेल. किंवा हे याच घटकेला सुचलं असेल, जसं जिन्यापाशी सुचलं होतं. म्हातारीचे अंधुक डोळे दारमाच्या दिशेनं लागले होते, पण नेमके तिच्यावर नव्हते, जरासे बाजूला, दाराच्या चौकटीवर. तपासायला एकही कागद नव्हता. जी सांगू शकली असती ती नारळींखाली होती. एकवीस वर्षांत दारमानं सहीशिवायची एकही ओळ पुढे सरकवली नव्हती.

"तू आता जाणार का?" मावशीनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

दारमानं पिशवी खाली ठेवली, मावशीसमोर उंबऱ्यावर बसली आणि फोन काढला. पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. मग कास्मिनाचा आवाज, मग पाय घासत येणारी चाल, मग श्वास.

"बाबा," ती म्हणाली. "आईला माहीत होतं. तू आला होतास ते तिला कळलं होतं. तुझ्या बुटांचा आवाज ऐकला तिनं."

पलीकडे काहीच नव्हतं, तो कवडाही नाही. मावशीनं ओलसर बोटांनी उंबऱ्याची कड धरली होती.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," सुतिक्नो म्हणाला. "पुन्हा सांग."